मेट्रो व कोअर दूरसंचार जाळ्यांचे एकत्रीकरण

एका शहरातील टेलिफोन केंद्रे, मोबाइल मनोरे, कार्यालये व डेटा सेंटर यांना जोडणारे ते मेट्रो जाळे. शहराशहरांना जोडणारे ते कोअर, म्हणजे गाभ्याचे जाळे. मेट्रोत अंतरे थोडी पण फाटे पुष्कळ, कोअरमध्ये फाटे मोजके आणि अंतरे शेकडो किलोमीटरची. दोन्हींत एकावर एक रचलेली तंत्रे कमी थरांत आणणे हा एकत्रीकरणाचा गाभा आहे.

१९९०च्या दशकात हे थर चार असत. आयपीच्या, म्हणजे इंटरनेटच्या, पॅकेटचे तुकडे एटीएमच्या (ठरावीक आकाराच्या छोट्या ‘सेल’मधून डेटा नेणाऱ्या तंत्राच्या) ५३ बाइटच्या सेलमध्ये भरायचे, ते सेल एसडीएचच्या (एका ठेक्यावर चालणाऱ्या वहन-पद्धतीच्या) चौकटीत आणि ती चौकट प्रकाशतंतूतील एका तरंगलांबीवर. सेलचे ५ बाइट तर नुसत्या शीर्षकात जात. एसडीएचची मानके १९८८मध्ये ठरली, तेव्हा जाळ्यावर मुख्य भार आवाजाचा होता आणि सारा हिशेब ६४ किलोबिटच्या वाहिनीचा होता. एसटीएम-१ या त्याच्या पायाभूत चौकटीचा वेग सेकंदाला १५५.५२ मेगाबिट.

एटीएम आधी गळाले. मार्ग आधीच आखून ठेवण्याचा त्याचा गुण एमपीएलएसने घेतला; २००१मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत राउटर, म्हणजे पॅकेटला वाट दाखवणारे यंत्र, २० बिटांचे लेबल पाहून पॅकेट पुढे ढकलते. एसडीएच हलवणे मात्र जड गेले, कारण ते वाहतुकीखेरीज आणखी दोन कामे करीत होते.

पहिले काम दुरुस्तीचे. केबल तुटली की एसडीएचची रिंग, म्हणजे केंद्रांना वर्तुळात जोडणारा मार्ग, सुमारे ५० मिलिसेकंदांत उलट दिशेने वाहू लागते. राउटरही पर्यायी मार्ग शोधतो, पण दोन्ही थर एकाच वेळी धावले तर गोंधळच वाढतो. म्हणून वरच्या थराला थोडे थांबायला लावणारा ‘होल्ड-ऑफ टायमर’ ठेवतात. अर्थात रिंगच्या दोन्ही बाजूंचे फायबर रस्त्याच्या एकाच चरातून गेलेले असेल, तर यातले काहीच कामाला येत नाही.

दुसरे काम घड्याळाचे, आणि नियोजनात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे हेच. एसडीएच वाहतुकीबरोबर अचूक ठेकाही पुरवीत असे. त्याच्या जागी येणाऱ्या साध्या इथरनेटमध्ये (संगणक-जाळ्यांतील नेहमीच्या जोडणीत) ती सोय नव्हती. मोबाइल मनोऱ्यांना तर ती हवीच. ५जीच्या टीडीडी पद्धतीत एकच वारंवारिता पाठवण्या-घेण्यास आळीपाळीने वापरतात, त्यामुळे मनोऱ्यांची वेळ संदर्भवेळेपासून १.५ मायक्रोसेकंदांहून जास्त ढळून चालत नाही. यासाठी ठेकाही वाहून नेणारे सिंक्रोनस इथरनेट आणि पॅकेटमधून वेळ जुळवण्याचे आयईईई १५८८ हे मानक आणावे लागले. मार्गातील राउटर पॅकेट रेंगाळल्याची नोंद ठेवणारे किंवा स्वतः घड्याळ सुधारून पुढे देणारे असले, तरच ही अचूकता हाती लागण्याची खात्री देता येते.

प्रकाशीय थरात डीडब्ल्यूडीएममुळे एका तंतूत अनेक तरंगलांबी मावतात, तर रोडॅम उपकरणामुळे हवी ती तरंगलांबी दूर बसून वाटेत उतरवता येते. २०२०च्या ४००झेडआर मानकाने ४०० गिगाबिटचा प्रकाशीय ट्रान्सीव्हर (प्रकाशसंकेत पाठवणारा-घेणारा भाग) थेट राउटरच्या पोर्टमध्ये आणला. त्याचा पल्ला सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे मेट्रोपुरता. त्यापलीकडे जास्त पल्ल्याचे ट्रान्सीव्हर किंवा स्वतंत्र ट्रान्सपॉन्डर (राउटरबाहेर राहून हेच काम करणारी उपकरणे) लागतात.

मुंबईसारख्या शहरात मेट्रो व कोअरमधली सीमा आणखी पुसट होते. वर्सोव्यात समुद्री केबली किनाऱ्याला लागतात, आणि तेथून निघालेला परदेशी डेटा देशभर पसरण्याआधी शहराच्याच फायबरमधून जातो. अशा मार्गावर मेट्रो आणि कोअरची क्षमता वेगवेगळी आखणे निरर्थक ठरते. टेलिफोन-जाळ्यातील जुन्या २ मेगाबिटच्या ई१ लाइनी मात्र एकत्रीकरणानंतरही लगेच सुटत नाहीत. त्या चालू ठेवायच्या तर सर्किट इम्युलेशनने, म्हणजे जुन्या लाइनीची नक्कल करून, पॅकेटमध्ये गुंडाळून वाहाव्या लागतात.