जवसाचं तेल आणि अडलेलं चाक

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या माडीवर आईची शिलाई मशीन अकरा वर्षं चादरीखाली होती. काळी, सोनेरी वेलबुट्टीची, लोखंडी पायांवरची. मे महिन्यातल्या एका दुपारी चादर काढली आणि हातचाक फिरवायला गेले, तर ते जागचं हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा अख्खं टेबल सरकलं, चाक तसंच. घरातल्यांनी लगेच निकाल दिला: गंजली, भंगारवाल्याला द्या.

पण गंज तर कुठे दिसत नव्हता. सुई धरणारी दांडी गुळगुळीत होती, फक्त तिच्यावर मधाच्या रंगाचा थर बसला होता. नखाने खरवडला तर वाळलेल्या डिंकासारखा निघाला. इतवारीत मशीन दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ताई, आई तेल कोणतं टाकत होत्या?"

मशीनच्या खणात खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली असायची आणि ती स्वयंपाकघरातूनच भरली जायची. गावाकडून घाण्याचं जवसाचं तेल आलं की तेच.

"मंग बराबर आहे," मिस्त्री म्हणाले. "मशीन खराब नाही झाली. जाम होऊन राहिली."

जवस आपल्याला चटणीमुळे ठाऊक. रंगारी आणि सुतार मात्र त्याच्या तेलाला वेगळ्या कारणाने ओळखतात: ते वाळतं. कपडा वाळतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. जवसाचं तेल वाळताना उलटंच घडतं, ते हवेतला ऑक्सिजन आत घेतं आणि वजनाने थोडं वाढतं. तेलाचा रेणू म्हणजे एका दांडीला लटकलेल्या तीन लांब साखळ्या. जवसात यांपैकी साधारण निम्म्या साखळ्या अशा असतात की त्यांत कार्बनच्या अणूंमध्ये तीन-तीन दुहेरी बंध आहेत. दोन दुहेरी बंधांच्या मधली जागा ऑक्सिजनला फार सोयीची. तिथे तो शिरला की शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, मग त्यांना आणखी काही, आणि हळूहळू सुट्ट्या रेणूंच्या थेंबाचं एक सलग जाळं बनतं. तैलरंग कॅनव्हासवर पक्का होतो तो यामुळे, आणि जुन्या खिडक्यांच्या काचेभोवतीची लांबी (पुट्टी) दगडासारखी होते तीही यामुळेच. आईच्या मशीनच्या प्रत्येक सांध्यात असंच एकेक जाळं विणलं गेलं होतं.

त्यात आपलं ऊन. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याखालची माडी त्याहून तापते. लोखंडही ही क्रिया वाढवायला हातभार लावतं. कोकणातल्या घरांत दमट, खाऱ्या हवेने मशीन गंजते. आपल्याकडे तिला चीक धरतो.

मग खोबरेल का नको? ते तर वाळत नाही. खरंय, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक साखळ्यांत दुहेरी बंधच नसतात, त्यामुळे ऑक्सिजनला शिरायला जागा नाही. पण खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात सकाळी बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही हे नागपूरकराला सांगायला नको. बाटलीत जे होतं तेच मशीनच्या आतही होतं. 'सकाळी जड चालते, दुपारी हलकी होते' अशी तक्रार असेल तर आधी तेलाची बाटली बघावी.

मशीनचं म्हणून जे पाण्यासारखं पातळ, बिनरंगी तेल मिळतं ते खनिज तेल आहे. त्याच्या रेणूंत जवळजवळ सगळे बंध एकेरी. अनेक वर्षांनी तेही पिवळट होतं, पण त्याला दशकं लागतात. आणि ते पातळ असण्याला अर्थ आहे: दांडी आणि तिच्या भोवतीची नळी यांच्यात केसाएवढीही फट नसते, तिथे घट्ट तेल पोचतच नाही.

तर उपाय. जाळं बनलेला चीक नव्या तेलात सहजी विरघळत नाही. त्याला आधी फुगवावं आणि मऊ करावं लागतं. रॉकेल ते काम करतं. माडीची दारं-खिडक्या उघडी ठेवून, जवळपास गॅस-उदबत्ती काही नाही अशी खात्री करून, जिथे धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक जागी ड्रॉपरने दोन-दोन थेंब सोडले. तेल घालण्याची भोकं वरून दिसतात तेवढीच नसतात; मशीन मागे कलती करून पोटात बघितलं तर तेवढीच आणखी सापडतात. शटल, म्हणजे सुईखाली हलणारा टोकदार भाग, त्याच्याभोवतीची खाच तर हमखास विसरली जाते. रात्रभर मुरू दिलं. सकाळी चाक सुईच्या टोकाएवढं हललं. पुढे, मागे, पुढे, मागे. जोर लावायचा नाही, नाहीतर आतला एखादा दांडा वाकतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या सांगण्यावरून मशीन गच्चीवर उन्हात ठेवली. काळं लोखंड तासाभरात हात लावू देईना, आणि उष्णतेने मऊ झालेला चीक सुटला. दुपारी दोनला चाकाने पहिला पूर्ण फेरा घेतला. ज्या उन्हाने ती जाम केली त्यानेच मोकळी केली म्हणा. त्यानंतर सगळं पुसून नवं तेल द्यावंच लागतं, कारण रॉकेल धुतं, वंगण म्हणून टिकत नाही.

एक सावधगिरी. सोनेरी वेलबुट्टीवर स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. बऱ्याच जुन्या मशीनवर त्या नक्षीच्या रक्षणासाठी लाखेचा पातळ थर दिलेला असतो, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आपल्याकडच्या रानात पळसाच्या फांद्यांवर बारकासा कीटक जी लाख करतो, तीच ही. ओल्या मऊ फडक्याला साबणाचा एक थेंब पुरतो.

चाक फिरलं, आता शिवू असं वाटलं. शिवलं ते असं: तीन टाके पडले, दोन सुटले, कापडाखाली दोऱ्याचं घरटं. इथे माझी खरी चूक झाली. खाली गुंता होतोय म्हणजे खालचा दोरा ढिला, असं समजून मी बॉबिन केसवरचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीवरचा, इवलासा स्क्रू फिरवत बसले. तो निघाला, फरशीवर पडला, आणि अर्धा तास चुंबक घेऊन रांगत शोधला.

टाका कसा पडतो ते समजलं असतं तर ही वेळ आली नसती. हाताने शिवताना अख्खी सुई कापडातून आरपार जाते. मशीनची सुई कापडात शिरते आणि त्याच वाटेने परत येते. दोरा तिच्या टोकाजवळच्या डोळ्यात, म्हणजे नेढ्यात, असतो. टोकाशी डोळा आणि खालून दुसरा दोरा, या जोडीवर एलियस हाव याने १८४६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं. पण टाक्याचा जीव आहे त्या परतीच्या पहिल्या दोन-अडीच मिलिमीटरमध्ये.

सुई भिंगाखाली धरा. एका बाजूला उभी लांब खोबण दिसेल. दुसऱ्या, म्हणजे मुळाशी सपाट असलेल्या बाजूला ती नसते. सुई खाली जाताना खोबणीतला दोरा सुखरूप आत असतो, तर सपाट बाजूचा दोरा सुई आणि कापड यांच्यात दाबला जातो. सुई तळ गाठून वर निघाली की खोबणीतला दोरा तिच्याबरोबर सरकतो. सपाट बाजूचा कापडाने धरून ठेवलेला असतो, तो सरकू शकत नाही. मग तो कुठे जाणार? बाजूला फुगतो, छोटा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी शटलचं अणकुचीदार टोक डोळ्याच्या किंचित वरून जातं, फास उचलतं आणि बॉबिनच्या भोवती ओढून नेतं. खालचा दोरा फासातून ओवला गेला, वरच्या लिव्हरने फास आवळला, झाला टाका. शटलचं टोक आणि सुई यांच्यात कागदाच्या जाडीएवढं अंतर. सुई एक-दीड मिलिमीटर खाली बसली, जराशी वाकली किंवा उलटी लागली, तर टोक फासाच्या जागी पोचतं तेव्हा फासच नसतो.

टाके सुटले की 'टायमिंग गेलं', म्हणजे सुई आणि शटलचा मेळ बिघडला, असं म्हणून मशीन खोलण्याचा मोह होतो. घरगुती मशीनचं टायमिंग आपोआप सहसा हलत नाही. ते दांडे आणि स्क्रूंनी बांधलेलं असतं. आधी नवी सुई लावा. मी लावली, तरी टाके सुटलेच. शेवटी टॉर्चने बघितलं: सुई जिथे बसते त्या खोबणीच्या वरच्या टोकाला तोच तपकिरी चीक होता. सुई वरपर्यंत जातच नव्हती. टाचणीने खरवडला, सुई टेकेपर्यंत वर सरकवली, आणि टाके एका ओळीत आले. सुईवरचा १६ नंबर म्हणजे मेट्रिक १००, अर्थात जाडी एक मिलिमीटर. मध्यम जाडीच्या सुती कापडाला १४, म्हणजे ०.९ मिलिमीटर, बरी.

राहिलं खालचं घरटं. टाक्याची गाठ कापडाच्या जाडीत लपायला हवी. दोन दोऱ्यांची ती रस्सीखेच आहे: जो जास्त घट्ट, तो गाठ आपल्याकडे ओढतो. गाठी खाली लोंबत असतील तर खालचा दोरा जिंकतोय, म्हणजे वरचा ढिला. दोष नेहमी विरुद्ध बाजूला शोधायचा. वरच्या दोऱ्याचा ताण दोन चकत्यांच्या चिमटीतून येतो, आणि दाबणारा पाय वर उचलला की त्या चकत्या उघडतात. म्हणून दोरा ओवताना पाय वर हवा; खाली असेल तर दोरा चकत्यांच्या मध्ये जातच नाही, कडेवर बसतो. आईच्या मशीनमध्ये मात्र चकत्यांच्या मध्ये चीक आणि कापसाचा भुसा यांचा थर होता, आणि तो त्यांना मिटू देत नव्हता. रॉकेलात बुडवलेली कापडाची पट्टी मधून दोन-चार वेळा ओढली, आणि घरटं नाहीसं झालं. बॉबिन केसचा स्क्रू पुन्हा बसवल्यावर तपासायची रीत मिस्त्रींनी शिकवली: दोरा धरून केस लोंबकळत ठेवायची. स्वतःहून घसरू नये, पण हाताला हलका झटका दिला की दोन बोटं उतरावी. स्क्रू एका वेळी पाव फेरा, जास्त नाही.

कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर, मागे, खाली, पुढे अशी त्यांची चौकोनी चाल अ‍ॅलन विल्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट केली आणि आजही तीच आहे. पट्टी काढून दात्यांखालचा भुसा ब्रशने झाडा. तो दाबला जाऊन नमद्यासारखा होतो आणि दाते पूर्ण वर येऊ देत नाही. आणि कापड नसताना मशीन पळवायची असेल तर दाबणारा पाय वर ठेवा, नाहीतर दाते त्यालाच घासत बसतात.

सगळं जुळल्यावरही आईच्या रिळाचा सुती दोरा तुटत राहिला. मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलणार होते. पण कापूस कोरड्या हवेत कमजोर होतो आणि ओलाव्यात बळकट, म्हणून सूतगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवतात. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी ज्या गावात एम्प्रेस मिल काढली, तिथे राहून मला हे सुचायला दोन दिवस लागले. रीळ रात्रभर मटक्याजवळ ठेवलं. दोरा बराच कमी तुटला. जुना होता, तेव्हा थोडा तुटणारच.

आता चामड्याचा पट्टा. हातचाकापासून खालच्या मोठ्या चाकापर्यंत जाणारा हा पट्टा उन्हाळ्यात वाळून आकसतो, आणि पायडल इतकं जड चालतं की पिंडऱ्या दुखतात. पावसाळ्यात तोच सैल पडून घसरतो. घसरला की अर्धा इंच कापून तारेच्या पिनने जोडायचा, एवढंच. मी मे महिन्यात नवा पट्टा घ्यायला गेले तेव्हा मिस्त्रींनी माझ्या मापापेक्षा दोन बोटं लांब कापून दिला. सैल होईल म्हटलं, तर म्हणाले, "आज टाइट बसवाल तर टाके बसवताना पाय दुखतीन. पाणी पडू द्या, मंग कापू."