जाड पडदा विरळ का भासतो?

सक्रिय दीर्घिकेच्या, म्हणजे जिच्या मधलं कृष्णविवर वायू गिळत असतं अशा तारकासमूहाच्या, गाभ्यात महाकाय कृष्णविवराजवळचा तापलेला वायू क्ष-किरण सोडतो. वाटेत थंड वायू आडवा आला की गाभा झाकला जातो. तो वायू किती, हे वर्णपटातून (कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्या आलेखातून) जे नाहीसं झालंय त्यावरून मोजतात.

मापाला स्तंभघनता म्हणतात: गाभ्यापासून आपल्यापर्यंत एक चौरस सेंटिमीटर छेदाची नळी कल्पिली, तर तिच्यात हायड्रोजनचे किती अणू सापडतील? १ वर २२ शून्ये इतके असले की गाभा झाकलेला मानतात. तेवढ्या हायड्रोजनचं वजन जेमतेम १७ मिलिग्रॅम! त्याच्या दीडशेपट, म्हणजे अडीच ग्रॅम झाला की पडदा ‘कॉम्प्टन-जाड’. अडीच सेंटिमीटर पाण्याच्या थराइतकंच हे वजन. मोजणी हायड्रोजनची असली, तरी क्ष-किरण गिळण्याचं काम मुख्यतः ऑक्सिजन, लोह अशी जड मूलद्रव्यं करतात. ऊर्जा दुप्पट झाली की शोषण साधारण आठव्या हिश्श्यावर येतं, म्हणून आधी कमी ऊर्जेचे किरण गिळले जातात. कॉम्प्टन-जाड पडद्यातून १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (केईव्ही, क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) याच्या खालचं जवळजवळ काहीच थेट येत नाही.

खरा घोटाळा इथेच होतो. पडद्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आयनीभूत वायूवर आदळून गाभ्याचे एखाददुसरा टक्का किरण वळसा घालून आपल्याकडे पोचतात. त्यांच्या वाटेत पडदा नसतो. निरीक्षणात फोटॉन मोजकेच असतील तर हा फिका उजेडच गाभा समजला जातो, आणि सगळ्यात जाड पडद्याची दीर्घिका ‘न झाकलेली’ ठरते.

म्हणून वर्णपटाला मॉडेल बसवताना आधी आपल्या आकाशगंगेतलं शोषण ठरावीक ठेवायचं, मग दीर्घिकेचं शोषण तिच्या ताम्रसृतीसह (ती दूर जात असल्याने किरणांची ऊर्जा घटते, ते धरून) मोकळं सोडायचं, म्हणजे किती ते निरीक्षणालाच ठरवू द्यायचं. मॉडेल निरीक्षणाशी किती जुळतं हे तपासणारी काय-वर्ग कसोटी वापरायची तर ऊर्जेच्या प्रत्येक कप्प्यात निदान २० फोटॉन हवेत. झाकोळ नसलेल्या गाभ्यांच्या वर्णपटाचा उतार (ऊर्जा वाढेल तसे फोटॉन किती झपाट्याने घटतात ते) १.८ ते १.९च्या आसपास असतो. तो ०.५ वर घसरला तर गाभा विचित्र आहे असं मानायची घाई नको, बहुधा शोषण मॉडेलमधून निसटलेलं असतं. भक्कम खूण ६.४ केईव्हीची लोहरेषा देते. उघड्या गाभ्यात तिची समतुल्य रुंदी (आजूबाजूच्या सलग प्रकाशाच्या तुलनेत रेषेचं बळ) सुमारे १०० इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, कॉम्प्टन-जाड गाभ्यात १००० च्या पुढे जाते. कारण साधं आहे: मागचा थेट प्रकाश गेला, रेषा मात्र परावर्तित प्रकाशात टिकून राहिली.

हा पडदा स्थिरही नसतो. सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षांवरच्या ‘एनजीसी १३६५’ या दीर्घिकेकडे चंद्रा या क्ष-किरण अवकाश वेधशाळेने एप्रिल २००६ मध्ये दोन आठवड्यांत सहा वेळा पाहिलं. दुसऱ्या वेळी गाभ्याचे थेट किरण गायब, तिसऱ्या वेळी परत हजर. इतक्या झटपट ग्रहण लागून सुटलं, म्हणजे क्ष-किरणांचा स्रोत आपल्या सूर्यमालेत सहज मावेल एवढा लहान, आणि झाकणारा ढग त्याच्या अगदी जवळ.

‘एनजीसी १०६८’ या दुसऱ्या दीर्घिकेचा पडदा याहून कितीतरी जाड. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूस्टार या अवकाश दुर्बिणीला, जी ३ ते ७९ केईव्ही टिपते, २० केईव्हीच्या वर आधीच्या निरीक्षणापेक्षा सुमारे एकतृतीयांश वाढ दिसली. कुठलासा जाड ढग बाजूला सरून पडदा तेवढ्यापुरता विरळ झाला होता. त्याच सुमारास एक्सएमएम-न्यूटन या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणीने १० केईव्हीच्या खाली पाहिलं, तिथे काहीच हललं नव्हतं.