पाठलाग, हुलकावणी आणि चालकाविना धावणारी लष्करी वाहनं

लष्करी वाहनाला चालकाशिवाय रस्ता शोधता येणं हे निम्मंच काम. शत्रूही विचार करतो, आपली चाल ओळखून स्वतःची बदलतो. या उरलेल्या निम्म्या कामाचं गणित मात्र अशा वाहनांपेक्षा बरंच जुनं आहे.

१९२८ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी दोन प्रतिस्पर्ध्यांमधल्या डावांविषयीचं मिनिमॅक्स प्रमेय सिद्ध केलं. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: कित्येक डावांत ठरावीक चालीपेक्षा मोजूनमापून केलेली अनिश्चितता सरस ठरते. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने जाणारं गस्तीचं वाहन शत्रूला पाठ होतं. २००७ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर तपासणी नाक्यांच्या जागा आणि श्वानपथकांच्या फेऱ्या याच विचाराने ठरू लागल्या.

पण वाहनांच्या दृष्टीने खरा पाया गणितज्ञ रूफस आयझॅक्स यांचा. १९५१ च्या सुमारास अमेरिकेच्या रँड या संशोधन संस्थेत त्यांनी एक कोडं मांडलं. गाडी वेगवान आहे, पण वळायला तिला मोठी जागा लागते. समोरचा माणूस सावकाश चालतो, पण जागच्या जागी दिशा बदलतो. गाडीला त्याला गाठायचं आहे. माणसाने ती अगदी जवळ येऊ द्यावी आणि ऐन वेळी बाजूला सरावं. गाडीचा डाव त्याहून विलक्षण: माणूस शेजारीच, तिच्या वळणाच्या वर्तुळात असेल, तर आधी त्याच्यापासून दूर जायचं आणि मग वळून यायचं. म्हणजे ‘अंतर कमी करत राहा’ हा यंत्राला सहज शिकवता येणारा नियम इथे चक्क चुकतो.

यंत्रं या गणिताच्या फार मागे होती. २००४ मध्ये दार्पा या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेने मोहावी वाळवंटात स्वयंचलित गाड्यांची शर्यत घेतली, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडीही १२ किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला. तरी वाळवंट कुणाला हुलकावणी देत नाही. प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडली ती २०२० मध्ये, संगणकावरच्या हवाई झुंजीत, आणि तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने एफ-१६ या लढाऊ विमानाच्या वैमानिकाला ५-० ने हरवलं. मात्र समोरचं विमान कुठे आहे हे तिला क्षणोक्षणी अचूक कळत होतं. जमिनीवर धूळ असते, आडोसे असतात, फसवे देखावे असतात.

शिवाय गणित सोडवण्याआधी माणसालाच आकडे भरावे लागतात: वाहन गमावलं तर तोटा किती, निशाणा चुकला तर किती, मध्ये सामान्य नागरिक सापडला तर किती. आयझॅक्स यांच्या कोड्यात मोजायचं होतं ते एवढंच, की माणूस गाठला का आणि किती वेळात.