मशीनवरचा ‘टी’

बेळगावच्या वडगाव-शहापुरात यंत्रमागावर उभी हयात काढलेल्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या तोंडासमोर उभं राहावं लागतं. मागाचा खडखडाट कान खाऊन टाकतो. माझे मामा त्यातलेच. त्यांना कानाचं मशीन मिळालं, पण टीव्हीवरच्या बातम्या काही कळेनात. पंखा, भांडी, रस्त्यावरचा हॉर्न, सगळंच एका मापानं मोठं. मशीनवर एक बारीक बटण होतं, एका टोकाला ‘एम’, दुसऱ्याला ‘टी’. ‘टी’वर सरकवलं की सगळं चिडीचूप. देणाऱ्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बटण बिघडलंय असं समजून मामांनी ते ‘एम’वरच ठेवलं.

‘एम’ म्हणजे मायक्रोफोन, ‘टी’ म्हणजे टेलिकॉइल. या ‘टी’चं मूळ टेलिफोनात आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या तारेत वीज उभी राहते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलं. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधून आवाजाबरोबर थोडं चुंबकीय क्षेत्रही बाहेर झिरपायचं. खरं तर ती गळतीच. पण श्रवणयंत्रात केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं बसवलं की ती गळती पकडता येते आणि पलीकडच्या माणसाचा आवाज थेट कानात उतरतो, खोलीतला गोंगाट वगळून. अमेरिकेत १९४७च्या सुमारास सॅम लायबर्गर यांनी असं वेटोळं श्रवणयंत्रात आणलं.

त्याआधीच, १९३७ साली, ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी हीच किमया मोठ्या जागेसाठी वापरण्याचं पेटंट घेतलं होतं. सभागृहाच्या कडेनं तार फिरवायची, वक्त्याच्या माइकचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून त्या तारेत सोडायचा. तारेच्या वेढ्यात ज्याच्या मशीनचं बटण ‘टी’वर असेल, त्याला वक्ता कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. ऐकणारे दहा असोत की पाचशे, जोडणी काही करावी लागत नाही. ब्रिटनमध्ये पुढे चर्च, नाट्यगृहं, पोस्टाच्या खिडक्या, लंडनच्या काळ्या टॅक्सीसुद्धा अशा तारेच्या वेढ्यानं, म्हणजे लूपनं, सजल्या. निळ्या पाटीवर कान आणि शेजारी ‘टी’, ही या सोयीची खूण.

आपल्याकडे सरकारनं अपंगांना साधनं देणारी अ‍ॅडिप योजना १९८१ साली सुरू केली, शिबिरांतून खिशात ठेवायची मशीनं वाटली गेली. त्यातल्या अनेकांवर ‘टी’ होताच. विहीर नसताना पोहरा वाटल्यासारखं झालं ते. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत पहिल्या रांगेतले म्हातारे कानामागे हात धरून बसतात. मंडपाला दिव्यांच्या माळा गुंडाळता येतात, तशी एक तारही गुंडाळता आली असती.

ती उणीव थोडीफार भरून काढली गळ्यातल्या लूपनं. तार सभागृहाभोवती न फिरवता माळेसारखी गळ्यात घालायची, पिन मोबाईलमध्ये नाहीतर टीव्हीत खोचायची, बटण ‘टी’वर. पुण्यातल्या लेकीचा फोन, हरिपाठ, बातम्या, सगळं त्या माळेतून. पिनेला जागा नसलेल्या नव्या मोबाईलसाठी ब्लूटूथवर चालणाऱ्या माळाही निघाल्या. दोन भाषांत जगणाऱ्या या मुलखात याचं मोल जास्त आहे. मराठी बोलणं अर्धवट ऐकू आलं तरी मामा ओठांवरून जुळवून घेतात. कानडीत मात्र शब्द पूर्ण कानावर पडल्याशिवाय त्यांना उमगत नाही.

कटकटीही आहेत. वेटोळ्याला चांगलं-वाईट कळत नाही. जुन्या चोकची ट्यूबलाइट किंवा इन्व्हर्टर जवळ असला की ‘गुंऽऽ’ सुरू. आता तर बारीक मशीनांत जागा वाचवायला हे वेटोळंच गाळतात, ब्लूटूथ असलं की पुरे म्हणून. ब्लूटूथवाल्यांनी २०२२ साली ‘ऑराकास्ट’ हे नाव पुढे आणलं: एका ठिकाणाहून प्रसारण, हवे तितके ऐकणारे. कल्पना पोलियाकॉफ यांचीच, तारेशिवाय. पण त्यासाठी मशीन नवं हवं, आणि नवं मशीन महाग. म्हणून विकत घेताना ‘यात टी आहे काय?’ एवढं तरी विचारावं.

मामांच्या घरी माळ आली तेव्हा वेगळंच घडलं. टीव्हीत पिन घातली आणि स्पीकर बंद पडला. मामा बातम्यांत गुंग, मामी मुक्या टीव्हीपुढे. दोन्ही आवाज एकदम चालू ठेवायचं सेटिंग सापडेपर्यंत शेजारची दोन पोरं रिमोट घेऊन बसली होती.