एनसीसी स्पेशल एन्ट्री आणि सीडीएसमधील एनसीसीच्या जागा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ज्या महाविद्यालयांत एनसीसी आहे, तेथे प्रथम वर्षाच्या प्रवेशापाठोपाठ नोंदणीसाठी धावपळ सुरू होते. मुलाच्या बेरेवर (गणवेशाच्या टोपीवर) लाल हॅकल, म्हणजे तुरा, चढला की घरच्यांना तो अर्धा अधिकारी झाल्यासारखाच वाटू लागतो. प्रत्यक्षात 1948च्या कायद्याने उभी राहिलेली एनसीसी ही विद्यार्थ्यांची संघटना आहे. तिच्यात नाव घातल्याने कॅडेटवर सैन्यात जाण्याचे बंधन येत नाही आणि सैन्यावरही त्याला घेण्याचे बंधन येत नाही. परेड, कॅम्प आणि परीक्षा या सगळ्यांतून तिसऱ्या वर्षी हाती येणारे ‘सी’ सर्टिफिकेट हे कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, नव्हे. मात्र ते असेल तर भूदलात अधिकारी होण्याच्या दोन वाटांवर त्याचा थेट उपयोग होतो आणि या दोन वाटांचीच आपल्याकडे नेहमी गल्लत होते. एक आहे एनसीसी स्पेशल एन्ट्री आणि दुसरी म्हणजे सीडीएस (कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस) परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या, एनसीसीसाठी राखीव असलेल्या जागा.

स्पेशल एन्ट्रीला लेखी परीक्षाच नाही. वर्षातून दोनदा निघणाऱ्या या योजनेत भूदलाच्या भरती संकेतस्थळावर अर्ज करायचा असतो. अर्जांची छाननी होते, निवडक उमेदवारांना एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) मुलाखतीचे बोलावणे येते आणि गुणवत्ता यादी एसएसबीच्या गुणांवर लागते. वय 19 ते 25, पदवीला एकूण किमान 50 टक्के गुण, ‘सी’ सर्टिफिकेटमध्ये किमान ‘बी’ श्रेणी आणि उमेदवार अविवाहित, या त्यातल्या मुख्य अटी होत. अंतिम वर्षाचा विद्यार्थीही अर्ज करू शकतो, पण आधीच्या वर्षांच्या गुणांची सरासरी 50 टक्क्यांच्या खाली असून चालत नाही. युद्धात हुतात्मा झालेल्या किंवा जखमी झालेल्या सैनिकांच्या पाल्यांना ‘सी’ सर्टिफिकेटची अट नाही.

लेखी परीक्षा नाही एवढेच ऐकून पुष्कळ मुले या वाटेला सोपी समजतात, आणि नेमकी येथेच फसगत होते. जागा थोड्या आणि अर्ज भरपूर असल्यामुळे पदवीच्या गुणांची कटऑफ लावून अर्ज बाजूला काढण्याचा अधिकार सैन्याने स्वतःकडे ठेवला आहे. म्हणजे 50 टक्के ही अर्ज करण्यापुरती पात्रता आहे. बोलावणे येईलच याची ती हमी नव्हे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी कॅम्पच्या नादात दोन विषयांत एटीकेटी लागली आणि तिसऱ्या वर्षी कसेबसे सुटलो, अशा कॅडेटची परेड कितीही देखणी असली तरी त्याचा अर्ज छाननीतच अडकण्याची शक्यता मोठी. खरे तर विद्यापीठाची प्रत्येक सत्र परीक्षा हीच या वाटेवरची लेखी परीक्षा होय, हे प्रथम वर्षालाच कुणीतरी सांगायला हवे.

सीडीएसचे नेमके उलटे आहे. संघ लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो आणि तिला पदवी लागते, पण पदवीच्या टक्केवारीला तेथे काहीही महत्त्व नाही. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे प्रत्येकी 100 गुणांचे तीन पेपर, प्रत्येकाला दोन तास आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. गणित दहावीच्या पातळीचे असते, पण घड्याळाशी झुंजत सोडवावे लागते. आपल्या भागातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची खरी अडचण बहुधा इंग्रजीच्या पेपरची असते, कारण तो टाळता येत नाही. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी, म्हणजे ओटीएसाठी, गणिताचा पेपर नसतो; तेथे इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढेच दोन पेपर.

आता राखीव जागांविषयी. सीडीएसच्या जाहिरातीत डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीच्या, म्हणजे आयएमएच्या, 100 जागा दिसतात आणि त्यांतल्या 13 एनसीसीच्या आर्मी विंगच्या (भूदल शाखेच्या) ‘सी’ सर्टिफिकेटधारकांसाठी राखून ठेवलेल्या असतात. या 13 जागा वाचून अनेकांना ही स्पेशल एन्ट्रीच आहे असे वाटते. तसे नाही. या जागांसाठी लेखी परीक्षाही द्यावी लागते आणि एसएसबीही. सवलत आहे ती फक्त स्पर्धेच्या घेऱ्यात, म्हणजे या जागांसाठी स्पर्धा ‘सी’ सर्टिफिकेटधारकांपुरतीच असते. आयएमएसाठी 300 गुण लेखीचे आणि 300 एसएसबीचे, असा हिशेब असतो.

फरकाचा दुसरा भाग निवडीनंतरचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. स्पेशल एन्ट्रीतून जाणारे तरुण-तरुणी चेन्नईच्या ओटीएत 49 आठवडे प्रशिक्षण घेतात आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळवतात. म्हणजे दहा वर्षांची सेवा, ती पुढे चार वर्षे वाढवता येते आणि दहा वर्षांनंतर स्थायी कमिशनसाठी विचार होऊ शकतो. आयएमएचे प्रशिक्षण दीड वर्षाचे असून तेथून थेट स्थायी कमिशन मिळते, पण सीडीएसमधून आयएमएला फक्त पुरुष उमेदवारच जातात आणि वयाची मर्यादाही 24 पर्यंतच आहे. मुलींना सीडीएसमधून ओटीए आणि स्पेशल एन्ट्रीतूनही ओटीएच. खांद्यावर पहिले दोन तारे मात्र दोन्हीकडे सारखेच: लेफ्टनंट. एखाद्या मुलाने कॅडेट असताना मनात डेहराडून धरले असेल, तर स्पेशल एन्ट्रीने ते मिळणार नाही, हे त्याला वेळेवर कळायला हवे.

ओटीए या नावावरून आणखी एक घोळ होतो. महाविद्यालयात एनसीसी सांभाळणारे प्राध्यापकही गणवेशात असतात, त्यांच्या खांद्यावरही तारे असतात आणि तेही ‘ओटीएला जाऊन आलो’ असे सांगतात. ते असोसिएट एनसीसी ऑफिसर असतात. नागपूरजवळच्या कामठीत पुरुष प्राध्यापकांचे आणि ग्वाल्हेरला महिला प्राध्यापकांचे प्रशिक्षण होते. त्या संस्था एनसीसीच्या आहेत. चेन्नईच्या सैनिकी अकादमीशी त्यांचा संबंध नाही.

दोन्ही वाटा एसएसबीत येऊन मिळतात, आणि भुसावळहून भोपाळच्या एसएसबी केंद्राकडे गाडी पकडणाऱ्या कॅडेटची खरी कसोटी तेथे लागते. पाच दिवसांतल्या पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग होऊन बरेच जण परत पाठवले जातात. मानसशास्त्रीय चाचण्यांत 60 शब्द एकेक करून 15 सेकंदांसाठी समोर येतात आणि तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचे असते. तोंडपाठ केलेली वाक्ये तेथे टिकत नाहीत. परेडचा दणका तेथे कामाचा नाही. कॅम्पमध्ये तंबू लावताना चार जणांकडून काम करून घेतलेले असेल, तर मैदानावरच्या गटचाचणीत त्याचा उपयोग होतो.

या टप्प्यासाठी जवळची सोय नाशिक रोडला आहे. तेथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातील उमेदवारांना एसएसबीची तयारी निवास, भोजनासह विनामूल्य करून देतात. सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना तेथे प्रवेश मिळतो. ‘सी’ सर्टिफिकेट ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणीत असलेल्या आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाने एसएसबीसाठी शिफारस केलेल्या कॅडेटलाही तो मिळू शकतो. त्यासाठी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.