चेहरे न ओळखणारा चेहऱ्यांचा चित्रकार

चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र आठवत नाही, असं आपलं नेहमी होतं. अमेरिकी चित्रकार चक क्लोज (१९४०–२०२१) यांची अडचण उलटी होती. त्यांच्या लक्षात चेहराच राहत नसे. ज्यांच्यासोबत बराच काळ काढला, अशी माणसंही पुढे समोर आली तर ओळखू यायची नाहीत. आणि या माणसाने जन्मभर चेहरेच रंगवले, तेही भिंतीएवढे.

या अवस्थेला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ साली हे नाव दिलं. नजर ठीक असते, नाक, डोळे, ओठ सुटे सुटे दिसतात. पण त्यांची मिळून 'ही अमुक व्यक्ती' अशी ओळख पटत नाही. मेंदूच्या तळाकडच्या भागात, बहुतेकांत उजव्या बाजूला जास्त, चेहरे पाहताना विशेष सक्रिय होणारा एक छोटा पट्टा आहे. १९९७ साली नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला फ्युसिफॉर्म फेस एरिया म्हटलं. तिथे काही बिघडलं, की ओळखीची माणसंही अनोळखी होऊ शकतात.

क्लोज यांचं म्हणणं असं, की समोरच्याने मान जराशी वळवली तरी त्यांच्यासाठी तो नवाच चेहरा होई. पण तोच चेहरा फोटोत सपाट झाला, की मनात पक्का बसे. म्हणून ते आधी फोटो काढत, त्यावर चौकोनांची जाळी आखत आणि मोठ्या कॅनव्हासवर एकेक चौकोन भरत जात. आपल्याकडे सिनेमाची होर्डिंगं हाताने रंगवणारे पेंटरही चित्र मोठं करायला अशाच चौकटी आखत. पण चित्र पुरं झालं, की त्यांच्या चौकटी रंगाखाली झाकल्या जात. क्लोज यांनी पुढे त्या उघड्या ठेवल्या. १९६७–६८ मधलं त्यांचं पहिलं मोठं आत्मचित्र पावणेतीन मीटर उंच, काळं-पांढरं आणि हुबेहूब फोटोसारखं आहे. नंतरच्या चित्रांत जवळ जाऊन पाहावं, तर एका चौकोनात निळ्यावर नारिंगी कडं, कड्याच्या आत गुलाबी ठिपका. त्वचेचा रंग कुठेच नाही! मागे सरकलं, की याच रंगांचा गाल होतो.

डिसेंबर १९८८ मध्ये पाठीच्या कण्यातली रक्तवाहिनी बंद पडून त्यांचं बरंचसं शरीर लुळं पडलं. हाताला ब्रश बांधून ते पुन्हा रंगवू लागले. मला त्यांची सर्वांत धीट चित्रं या काळातलीच वाटतात.

याच चित्रांनी शास्त्रज्ञांना एक उत्तर दिलं. एखादी वस्तू ओळखायला तिच्यावर किती चौकोन पडलेत एवढंच महत्त्वाचं, आकार लहान-मोठा असल्याने फरक पडत नाही, असं मानलं जाई. हे खरं असेल तर चित्रापासून लांब जाऊन काहीच बदलायला नको, कारण चेहरा आणि चौकोन सारख्याच प्रमाणात लहान होतात. न्यूयॉर्क विद्यापीठाचे डेनिस पेली यांनी लोकांना क्लोज यांच्या चित्रांसमोर उभं केलं. जवळून नाक सपाट ठिपक्यांचं दिसायचं. मागे जाता जाता एका ठिकाणी ते उठून पुढे यायचं. हे अंतर चौकोनाच्या आकारावर ठरत होतं. चौकोन डोळ्याला मोठा दिसतो तोवर मेंदू त्याला वेगळी वस्तू मानतो. पुरेसा बारीक झाला, की छाया-प्रकाशाचा हिशेब सुरू होतो आणि नाकाला उठाव येतो. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला.

मोबाईलवर ही चित्रं पाहणाऱ्यांचं म्हणूनच नुकसान होतं. स्क्रीनवर चौकोन आधीच बारीक होऊन येतात, त्यामुळे थेट चेहराच दिसतो. चित्र मोठं करून आधी नुसते चौकोन पाहा, मग बोटांनी हळूहळू लहान करत न्या आणि नाक कोणत्या क्षणी उठतं ते टिपा.