दुसरा झटका आणि केंद्रक नसलेली पेशी

‘ब्लॉक काढला, स्टेंट टाकला, रिपोर्टही चांगले आले, मग आता गोळ्या कशाला?’ हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या घरांत हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जातो, की त्यामागची समजूतच चुकीची असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. पक्षाघाताच्या बाबतीतही तेच घडते. वाकडे झालेले तोंड सरळ झाले, हात डोक्यापर्यंत जाऊ लागला, की दुखणे गेले असे धरले जाते आणि रुग्णालयातून आणलेल्या गोळ्या संपल्यावर नवी स्ट्रिप आणली जात नाही. २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या १७ देशांतील पाहणीत कमी उत्पन्नाच्या देशांच्या गटात भारत होता. त्या गटातील हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांपैकी ८०.२ टक्के लोक चार प्रमुख औषधांपैकी एकही घेत नव्हते. ही चारही औषधे, म्हणजे ॲस्पिरिनसारखे गुठळीरोधक, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, हृदयावरचा ताण कमी करणारे बीटा ब्लॉकर आणि ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातील रक्तदाबाची गोळी, जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टरही ती लिहून देऊ शकतो.

हा प्रश्न केवळ शहरी जीवनशैलीचा आहे, असेही मानण्याचे कारण नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद घेतली, तेव्हा मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हेच निघाले. दर सात मृत्यूंमागे एक, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू त्याने झाले होते आणि त्यांतील बहुतेक, सुमारे ८७ टक्के, घरीच झाले होते. माणूस जिथे राहतो आणि जिथे दगावतो, तिथेच औषध पोहोचले पाहिजे, हे या आकड्यांवरून उघड आहे.

स्टेंट ही धातूची बारीक जाळीदार नळी असते आणि ती रोहिणीचा एक-दोन, फार तर तीन-चार सेंटिमीटरचा भाग उघडा ठेवते. रोहिण्यांचा आजार मात्र तेवढ्याच जागेपुरता नसतो. हृदयाच्या, मेंदूच्या आणि पायांच्या रोहिण्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल आणि दाहक पेशी वर्षानुवर्षे साचत जातात, त्यांच्यावर तंतूंचे एक पातळ आवरण तयार होते आणि असे कित्येक थर कोणतेही लक्षण न दाखवता तिथे असतात. पुष्कळदा झटका देणारा थर हा रोहिणी सर्वाधिक अरुंद करणारा नसतो. ज्याचे आवरण पातळ आहे असा एखादा मध्यम आकाराचा थर फाटतो आणि त्या फाटलेल्या जागेवर रक्ताची गुठळी धरते. त्यामुळे आजचा अडथळा दूर करणे आणि उद्याची गुठळी टाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम रुग्णालयातील कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे स्टेंट बसवतात त्या खोलीत, तासाभरात उरकते, तर दुसरे आयुष्यभर, रोज, घरीच करावे लागते.

ही गुठळी धरते कशी, हे मला वैद्यकातील सर्वांत देखण्या प्रकरणांपैकी एक वाटते आणि म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या रक्ताच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, असतात. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. त्यांचे तुकडे पडून या बिंबिका बनतात. दोन-तीन मायक्रोमीटरच्या या तुकड्यांना केंद्रक नसते. केंद्रक नाही म्हणजे केंद्रकातला डीएनए नाही, आणि तो नाही म्हणजे खर्च झालेल्या किंवा निकामी झालेल्या प्रथिनांच्या जागी नवी प्रथिने पुरेशा प्रमाणात घडवण्याची सोय नाही. बिंबिका अस्थिमज्जेतून निघते तेव्हा जी शिदोरी बरोबर घेते, त्या शिदोरीवरच तिला सात ते दहा दिवसांचे आयुष्य काढायचे असते. वाटेत चूल मांडता येत नाही.

रोहिणीतील थर फाटला, की आतील कोलॅजेनचे तंतू रक्ताच्या थेट संपर्कात येतात. वाहत्या बिंबिका तिथे चिकटतात, आपला आकार बदलतात आणि इतर बिंबिकांना बोलावणारी रसायने सोडतात. त्यांपैकी एक महत्त्वाचे रसायन म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन ए-२. ते तयार करण्यासाठी बिंबिका आपल्या पटलातील ॲराकिडोनिक आम्ल वापरते आणि या रूपांतराची पहिली पायरी सायक्लोऑक्सिजनेज-१ नावाचे विकर (एन्झाइम) पार पाडते. या विकराच्या रेणूत एक अरुंद बोगदा असतो आणि त्याच्या आतल्या टोकाला प्रत्यक्ष रासायनिक क्रिया घडते. ॲराकिडोनिक आम्लाला त्या बोगद्यातून आत शिरावेच लागते. बोगद्यात, क्रियेच्या जागेच्या अगदी अलीकडे, सेरिन या अमिनो आम्लाचा एक घटक असतो. ॲस्पिरिनचा रेणू तिथवर पोहोचला, की आपला ॲसिटिल गट तो त्या सेरिनला कायमचा जोडून देतो. वाट बुजते, ॲराकिडोनिक आम्ल आत जाऊ शकत नाही आणि त्या बिंबिकेला पुन्हा कधीही थ्रॉम्बॉक्सेन बनवता येत नाही. रक्त पातळ होते, ही कल्पना म्हणूनच खरी नाही. रक्ताचा दाटपणा होता तसाच राहतो, फक्त बिंबिकांची एकमेकींना हाक मारण्याची क्षमता जाते. ॲस्पिरिन या वर्गातील रसायनांची निर्मिती थांबवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

यातली खुबी वेळेच्या हिशोबात आहे. रक्तातील ॲस्पिरिनचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, अवघा १५ ते २० मिनिटांचा आहे, म्हणजे सकाळी घेतलेली गोळी दुपारपर्यंत रक्तात जवळजवळ उरतच नाही. तरीही परिणाम दिवसभर टिकतो, कारण औषध गेले तरी बिंबिकांवर झालेला बदल मागे घेता येत नाही. याउलट रोहिणीच्या अंतःस्तरातील पेशींना केंद्रक असते. ॲस्पिरिनने त्यांचे विकर निकामी केले तरी त्या काही तासांत नवे घडवतात आणि गुठळीला विरोध करणारे प्रोस्टासायक्लिन पुन्हा बनवू लागतात. शिवाय आतड्यातून शोषलेले ॲस्पिरिन आधी यकृताकडे जाणाऱ्या निवाहिका शिरेतून जाते. तिथून वाहणाऱ्या बिंबिका त्याच्या तावडीत सापडतात आणि पुढे यकृतातच जवळजवळ निम्म्या ॲस्पिरिनचे विघटन होत असल्याने उरलेल्या शरीराला ते कमी मात्रेत भेटते. डोकेदुखीसाठी ३०० किंवा ५०० मिलिग्रॅम लागणारे हे औषध हृदयासाठी केवळ ७५ मिलिग्रॅममध्ये का पुरते, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

आता गोळी चुकवण्याचा हिशोब पाहू. अस्थिमज्जा रोज सुमारे दहा टक्के बिंबिका नव्याने रक्तात सोडते आणि गोळी बंद असेल, तर या नव्या बिंबिका पूर्ण सक्षम असतात. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण थ्रॉम्बॉक्सेनची निर्मिती आणि बिंबिकांचे एकत्र येणे यांचे नाते सरळ रेषेतले नाही. निर्मिती ९५ टक्क्यांहून अधिक दबलेली असेल तेव्हाच खरे संरक्षण मिळते, कारण थोड्याशा सक्षम बिंबिकांनी सोडलेले थ्रॉम्बॉक्सेन बाकीच्या निकामी बिंबिकांनाही गोळा करू शकते. त्यामुळे गावच्या जत्रेला किंवा लग्नाला गेलेल्या माणसाने तीन-चार दिवस गोळी घेतली नाही, तर त्याचे संरक्षण पुष्कळ अंशी निघून गेलेले असते, आणि ते गेल्याचे कोणतेही लक्षण त्याला जाणवत नाही. मधुमेहात बिंबिकांची उलाढाल अधिक वेगाने होत असल्याने तिथे तर अशी सूट आणखी धोक्याची ठरते.

याच बोगद्यामुळे आणखी एक गोष्ट घडते, जी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारली गेली पाहिजे. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक त्याच बोगद्यात शिरते, पण कायमचे बसत नाही. काही तासांनी बाहेर पडते. ते आत असेपर्यंत ॲस्पिरिनला सेरिनपर्यंत पोहोचता येत नाही आणि बाहेर पडते तोवर ॲस्पिरिन रक्तातून निघून गेलेले असते. गुडघेदुखीसाठी रोज सकाळी दुकानातून आणलेली गोळी आधी आणि हृदयाची गोळी नंतर, असा क्रम ठेवणाऱ्या माणसाची हृदयाची गोळी अशा रीतीने वाया जाऊ शकते. म्हणून रुग्णाने फक्त डिस्चार्ज कार्ड न आणता घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणाव्यात आणि परिचारिकेने त्या टेबलावर ओतून पाहाव्यात. किती गोळ्या उरल्या आहेत हेही त्याच वेळी मोजता येते.

ॲस्पिरिनच्या या उपयोगाची चाहूल एका सामान्य कुटुंब डॉक्टरला लागली होती, याचा मला विशेष आनंद वाटतो. कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथील लॉरेन्स क्रेव्हन यांच्या लक्षात आले, की टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिन असलेले च्युइंगगम खूप चघळणाऱ्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो. १९४० आणि १९५० च्या दशकांत त्यांनी आपल्या हजारो पुरुष रुग्णांना ॲस्पिरिन दिले आणि झटके टळल्याचे लिहिले. पण तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने ते सिद्ध झाले नाही. पुरावा मिळाला तो १९८८ मध्ये. ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर महिनाभर दिलेल्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू २३ टक्क्यांनी घटवले. पूर्वी झटका किंवा पक्षाघात झालेल्यांच्या अनेक चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा अशा गंभीर घटनांचे वर्षाचे प्रमाण ८.२ वरून ६.७ टक्क्यांवर आलेले दिसले.

मात्र हे वाचून घरातील प्रत्येक वयस्कर व्यक्तीने ॲस्पिरिन सुरू करू नये. ज्यांना कधीही झटका आलेला नाही अशा निरोगी वृद्धांवर झालेल्या ‘ॲस्प्री’ या १९,११४ जणांच्या चाचणीत फायदा झाला नाही, उलट रक्तस्राव वाढला. पक्षाघात गुठळीने झाला की मेंदूत रक्तस्राव होऊन, हे सीटी स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही आणि रक्तस्रावाच्या प्रकारात ॲस्पिरिन घातक ठरू शकते. स्टेंटनंतर जोडीने दिलेले क्लोपिडोग्रेल हे दुसरे गुठळीरोधक कधी थांबवायचे, तेही डॉक्टरनेच ठरवावे. ॲस्पिरिन पोटाला त्रास देते म्हणून ते परस्पर बंद करण्याऐवजी आम्लता कमी करणारी गोळी जोडता येते.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात सांगतो. पक्षाघाताचा दुसरा झटका टाळण्यात रक्तदाब सर्वांत जास्त महत्त्वाचा आहे. २००१ च्या ‘प्रोग्रेस’ या ६,१०५ रुग्णांच्या चाचणीत रक्तदाब उतरवल्याने पुन्हा होणारे पक्षाघात २८ टक्क्यांनी घटले. स्टॅटिन थरातील कोलेस्टेरॉल कमी करून त्याचे आवरण भक्कम करते, म्हणून कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी झटक्यानंतर ते चालूच ठेवायचे असते. रिपोर्ट नॉर्मल आला तो त्या गोळीमुळेच. आणि विडी, मिश्री, विदर्भातला खर्रा यांपैकी जे काही चालू असेल ते सुटले नाही, तर वरच्या गोळ्यांना एका हाताने लढावे लागते.

पुनर्वसनाविषयी आपल्याकडे दोन टोके दिसतात: झटक्यानंतर माणसाला महिनोन्‌महिने खाटेवर बसवून ठेवायचे, किंवा एखाद्या चमत्कारावर विसंबायचे. लकवा झालेल्या अंगाला कबुतराचे रक्त चोळणे, आले-लसूण-लिंबाच्या काढ्याने ‘ब्लॉक विरघळवणे’ यांना कोणताही आधार नाही. आणि त्यांचे खरे नुकसान म्हणजे पहिले काही तास आणि नंतरचे कित्येक महिने त्यांच्यात निघून जातात. व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात आणि त्यासाठी ट्रेडमिल लागत नाही; बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, हळूहळू वेळ वाढवत चालणे पुरते. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर झालेल्या ‘योगा-केअर’ चाचणीत योगावर आधारित कार्यक्रमाने झटके किंवा मृत्यू कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही, पण रुग्णांना स्वतःची प्रकृती सुधारल्याचे जाणवले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. पक्षाघातानंतर घरच्यांना शिकवून पुनर्वसन करण्याचा ‘अटेंड’ हा प्रयोगही भारतात १,२५० रुग्णांवर झाला आणि त्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. नातेवाइकांचे प्रेम फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो, आणि म्हणून तालुका पातळीवर फिजिओथेरपिस्टची पदे भरली जाणे मला फार आवश्यक वाटते.

औषधे चालू ठेवण्याच्या कामात मात्र गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा उपयोग दिसून आला आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील ८०६ रुग्णांच्या ‘स्प्रेड’ चाचणीत, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केलेल्या गटात वर्षाअखेरीस ९७ टक्के लोक औषधे नीट घेत होते, तर दुसऱ्या गटात ९२ टक्के. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम ज्या पाच राज्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. त्यातील ठरावीक औषधक्रम, अखंड पुरवठा आणि गैरहजर रुग्णांना शोधून काढण्याची पद्धत झटका येऊन गेलेल्यांसाठीही जशीच्या तशी वापरता येईल.

तीन औषधे एकाच कॅप्सूलमध्ये घालून दिली तर काय होते, हे युरोपातील ‘सिक्युअर’ चाचणीने २०२२ मध्ये दाखवले. ॲस्पिरिन, रामिप्रिल आणि ॲटोर्व्हास्टॅटिन एकत्र घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना, तर वेगवेगळी औषधे घेणाऱ्यांपैकी १२.७ टक्क्यांना पुन्हा गंभीर घटनेला सामोरे जावे लागले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशी संयुक्त औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. ती आपल्या उपकेंद्रांत आली, तर सुटी औषधेही तिथे ठेवावी लागतील, कारण रामिप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो आणि तेवढ्यासाठी संपूर्ण गोळी बंद करावी लागली, तर ॲस्पिरिन आणि स्टॅटिन त्याच दिवशी वेगळे हाती द्यावे लागते.